रायरेश्वरच्या पठारावरून: हॅम रेडिओचा आपत्कालीन सराव

शुक्रवार

महाड पाण्यात आहे. वरंधा घाटात दरड आली आहे, ताम्हिणीही बंद. वीज गेल्यामुळे मोबाईलचे टॉवर एकेक करून गप्प झाले आहेत. अशा वेळी महाडातल्या माणसाचा निरोप पुण्याला कसा पोचवायचा? मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही काही हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, रायरेश्वरावर गेलो ती हा एकच प्रश्न घेऊन.

प्रश्न हवेतला नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला, तेव्हा खाली महाड शहर सावित्रीच्या पुरात होतं. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, रस्ते तुटले होते. बचावपथकं तळियेत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्या रात्री कोणाला काय सांगायचं होतं आणि ते कुठे अडकलं, हा विचार कोकणात नातेवाईक असलेल्या आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात घर करून आहे.

हॅम रेडिओ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन, वयाची बारा वर्षं पूर्ण केलेल्या कोणालाही हा परवाना मिळवता येतो. परवान्याबरोबर ‘व्हीयू’ने सुरू होणारं स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलसाठी मोर्सची सांकेतिक लिपी यावी लागते. सेट आपला, तार आपली, बॅटरी आपली. माझा आवाज आणि समोरच्याचा कान यांच्या मधे कुठलीही कंपनी नाही, टॉवर नाही, बिल नाही. म्हणूनच बाकी सगळं कोसळल्यावर तो चालू शकतो. ‘शकतो’ म्हणतोय, कारण सराव नसेल तर तोही चालत नाही.

पुण्याहून सकाळी निघालो. कापूरहोळला हायवे सोडून भोर, तिथून आंबवडे. संस्थानकाळातला झुलता पूल गाडीतूनच बघितला, कारण वेळ नव्हता. कोर्ले गावावरून गाडीरस्ता रायरेश्वर आणि केंजळगड यांच्या मधल्या खिंडीपर्यंत चढतो. वाईहून येणारे आमचे दादा तिथे आधीच येऊन थांबले होते. हे व्यवसायाने इलेक्ट्रिशियन. गाडीच्या टपावर कळकाच्या लांब काठ्या बांधून आणल्या होत्या. खिंडीपासून वर पायऱ्या आणि शेवटी लोखंडी शिडी. एरवी माणूस मोकळ्या हाताने ती सहज चढतो. पाठीवर चाळीस अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असली की प्रत्येक पायरी मोजावी लागते. सोलर पॅनल वाऱ्याला आडवं येतं, म्हणून ते दोघांनी धरून वर घेतलं.

वर पोचलं की आधीचा घाम विसरायला होतो. साडेचार हजार फुटांच्या आसपास उंची आणि कोसच्या कोस सपाट माळ. शिवरायांनी इथल्या शंभूमहादेवासमोर १६४५ साली स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते, त्यामुळे बहुतेक माणसं देवळात डोकं टेकवून, सात रंगांची माती पाहून उतरतात. पण पठारावर वस्तीही आहे. पिढ्यान् पिढ्या इथे राहणारी जंगम कुटुंबं आहेत, नाचणीची शेतं आहेत, गुरं आहेत. आम्ही आधी निरोप धाडून विचारलं होतं, तरी पोचल्यावर पुन्हा घरी जाऊन विचारलं. देवळापासून लांब, एका पडीक शेतात तळ टाकायला त्यांनी जागा दाखवली.

उन्हं कलायच्या आत अँटेना उभी करायची होती. आमचं मुख्य हत्यार म्हणजे ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा) साधा डायपोल: तांब्याची तार, मधोमध तोडलेली, दोन्हीकडे साधारण दहा-दहा मीटर. तारेची एकूण लांबी काढायचं सोपं गणित आहे. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रीक्वेन्सीने भागा. ७.१ ने भागलं की वीस मीटरच्या जरा वर उत्तर येतं. ही तार आम्ही मुद्दाम जेमतेम सहा मीटर उंचीवर लावली. बघायला आलेल्या एका तरुणाने विचारलं, “एवढ्या उंचावर येऊन तार एवढी खाली का?” प्रश्न अगदी बरोबर होता. उंच लावलेला डायपोल लांबच्या देशांशी बोलतो, पण आम्हाला जपान नको, पुणं हवं होतं. तार जमिनीजवळ असली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटतात आणि कारंज्याच्या पाण्यासारख्या सभोवार खाली पडतात. मधे कितीही डोंगर असू देत. राजगड, तोरणा, सिंहगड कोणीही आडवं येत नाही. शून्यापासून तीन-चारशे किलोमीटरपर्यंतचा सगळा मुलूख त्या पावसात भिजतो. सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला याहून उपयोगी अँटेना नाही, असं माझं ठाम मत आहे.

दादांनी काठीवर काठी बांधली, तीन बाजूंना ताण दिले. जांभ्यात खुंटी जाता जात नव्हती, तेव्हा दगड रचून त्यांना दोर बांधले. मीटर लावला तर एसडब्ल्यूआर (तारेतून बाहेर न पडता सेटकडे परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) सात मेगाहर्ट्झच्या खालच्या बाजूला सर्वात कमी. म्हणजे तार लांब झाली. दोन्ही टोकांनी चार-चार बोटं दुमडली, पुन्हा मोजलं, आणखी थोडी दुमडली. तार कापायची नाही, दुमडून पिळायची, हे काकांनी आम्हाला लावलेलं वळण. काका म्हणजे मालवाहू बोटींवरचे निवृत्त रेडिओ ऑफिसर, वय पंचाहत्तरीच्या पुढे. शिडी मात्र त्यांनी कोणाचा हात न धरता चढली.

सातच्या सुमाराला ७.११० मेगाहर्ट्झवर पुण्याला हाक घातली. आशिया-पॅसिफिकमध्ये आणीबाणीच्या संपर्कासाठी हॅम लोकांनी ठरवून घेतलेल्या फ्रीक्वेन्सीपैकी ही एक. पुण्याचं उत्तर पहिल्याच हाकेला आलं. “आवाज छान, फाइव्ह-नाइन. जेवा आणि झोपा. उद्या आठला पहिला लिफाफा.” फाइव्ह-नाइन म्हणजे शब्दन् शब्द कळणारा, जोरदार आवाज.

शनिवार

लिफाफ्यांची कल्पना पुण्यातल्या एका ताईंची. त्या डोंगरावर आल्या नव्हत्या. घरी बसून त्यांनी निरोप लिहिले, लिफाफ्यात बंद केले, वर वेळ घातली आणि अर्धे महाडला, अर्धे आमच्याकडे पाठवले. वेळ झाल्याशिवाय फोडायचा नाही. आत काय आहे हे आधी माहीत असेल तर कान आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं आणि ते खरं आहे.

महाडच्या बाजूला एक नवराबायको होते, दोघंही परवानाधारक. त्यांच्याकडे फक्त पाच वॅटचे हातातले व्हीएचएफ (खूप उच्च फ्रीक्वेन्सीचे) सेट आणि एक घरी बनवलेली यागी अँटेना. प्लास्टिकच्या पाइपावर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे लावून ही यागी होते. खर्च किरकोळ, गुंडाळून पिशवीत मावते, आणि ज्या दिशेला धराल तिकडे आवाज फेकते. पुरात घराच्या गच्चीवर अडकलेल्या माणसाकडे जेवढं असेल तेवढंच त्यांनी वापरायचं, हा नियम.

कागदावर सगळं सोपं होतं. व्हीएचएफच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून चारने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. आमच्या उंचीवरून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास येतं आणि महाड तर हवाई अंतराने तीसेक किलोमीटर. आठ वाजता हाक मारली. उत्तर नाही. साडेआठला नाही. फ्रीक्वेन्सी तपासली, बॅटरी तपासली, अँटेना फिरवून बघितली. नुसती खरखर.

कारण आम्ही उभे होतो तिथेच होतं. तळ पठाराच्या पूर्वेकडे होता. पठार लांबून सपाट दिसतं, पण त्याला पोट आहे, उंचवटे आहेत. त्याच उंचवट्यांनी कोकण झाकून टाकलं होतं. हे घरी नकाशा बघून कळतं, पण जाणवत नाही.

मग मी आणि आमच्यातली सर्वात लहान सदस्य, नुकताच परवाना मिळालेली कॉलेजातली मुलगी, हातातले सेट घेऊन पश्चिमेकडे चालू लागलो. नाखिंदाच्या टोकाकडे जायचं तर चाल बरीच आहे. वाटेत करवंदांच्या जाळ्या लगडलेल्या. शेतांत राब भाजून झालेले, काळे चौकोन दिसत होते. दर दहा मिनिटांनी थांबायचं, महाडला हाक घालायची, ऐकायचं, वहीत जागा आणि निकाल लिहायचा. बराच वेळ वहीत फुल्याच पडत गेल्या. मग एका चढावर पोचलो आणि खरखरीतून एकदम महाडच्या ताईंचा आवाज मोकळा झाला, इतका स्वच्छ की पोरीने दचकून सेट कानापासून लांब धरला.

“महाड, महाड, आवाज फाइव्ह-नाइन. सराव निरोप आहे का?”

“आहेत दादा, दोन. एक तातडीचा आहे. घ्याल का लिहून?”

“बोला ताई, पेन्सिल हातात आहे.”

पेन्सिल म्हटलं ते उगीच नाही. पावसाच्या कागदावर पेन फुटतं, पेन्सिल लिहीत राहते. आणि हवेवर प्रत्येक निरोपाच्या आधी ‘सराव, सराव, सराव’ म्हणायचंच. हॅम रेडिओ कोणीही ऐकू शकतं. पूल वाहून गेल्याचं वाक्य अर्ध्यातून ऐकून कोणी घाबरता कामा नये.

निरोपाच्या नमुन्यावर थोडं थांबतो, कारण सगळं मर्म तिथे आहे. कागदावर वर रकाने: क्रमांक, तातडी किती, कोणत्या केंद्रावरून, मजकुरात शब्द किती, ठिकाण, वेळ. खाली कोणासाठी, मग मजकूर, मग सही कोणाची. सांगणारा चार-पाच शब्द सांगून थांबतो, लिहिणाऱ्याला वेळ देतो. आकडे सुटे सुटे बोलायचे: बेचाळीस नाही, ‘आकडा, चार, दोन’. आपल्याकडे त्रेपन्न-त्रेसष्ट, सात-साठ खरखरीत हमखास गफलत करतात. गावांची नावं अल्फा-ब्राव्हो करत अक्षर अक्षर सांगायची, कारण वाडी आणि वडगाव तालुक्या-तालुक्यात आहेत. शेवटी घेणाऱ्याने शब्द मोजायचे. सांगितलेली संख्या आणि मोजलेली संख्या जुळली नाही तर निरोप मिळाला असं म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याला हे सगळं कूर्मगतीचं वाटतं. रात्री त्याचा अर्थ कळला.

दुपारपर्यंत साखळी बसली. महाडहून पाच वॅटवर पश्चिमेच्या चढावर, तिथून दुसऱ्या व्हीएचएफ सेटने तळावर, तळावरून ७ मेगाहर्ट्झवर पुण्याला. उलटही तसंच. एकेक निरोप पोचायला दहा-बारा मिनिटं लागत होती. मधेच नाशिक आणि कोल्हापूरकडचे हॅम आले, शांतपणे नावं नोंदवली आणि ‘गरज लागली तर आहोत’ म्हणून थांबून राहिले. मध्यवर्ती केंद्राने बोलावल्याशिवाय कोणी मधे बोलत नव्हतं. ही शिस्त कुठल्याही महागड्या सेटहून मला मोलाची वाटते.

इथे एक मनातलं बोलतो. १९३३ मध्ये सुरू झालेला फील्ड डे अमेरिकेत दर जूनमध्ये होतो. हजारो हॅम मैदानात तंबू ठोकून चोवीस तास संपर्क मोजतात. आपल्याकडेही त्या धर्तीवर पुष्कळ जण डोंगरांवर जातात आणि त्यातून अँटेना बांधायचा हात बसतो, हे निश्चित. पण ‘फाइव्ह-नाइन, सेव्हन्टी-थ्री (म्हणजे शुभेच्छा)’ म्हणून पुढच्याकडे वळणं म्हणजे निरोप पोचवणं नव्हे. निरोप पोचवायचा तर एकाच माणसाबरोबर दहा मिनिटं चिकटून राहावं लागतं. दोन्हीचा सराव हवा, आणि दुसऱ्याचा फार कमी होतो.

साडेतीनला तळावरच्या सेटमध्ये कडकड सुरू झाली. आभाळ अजून निळं होतं. पण ४० मीटरवर वीज दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येते. काकांनी मान वर न करता म्हटलं, “पूर्वेकडून वळीव येतोय. पुण्याला सांगा, आपण बंद होतोय. साडेआठला पुन्हा.” हे सांगणं फार महत्त्वाचं. न सांगता गप्प झालेलं केंद्र समोरच्याला दुसऱ्याच संकटात टाकतं.

अर्ध्या तासात ढग केंजळगडावर आले. उघड्या माळावर सहा मीटरची काठी आणि तिच्याखाली तांब्याची तार, यासारखी वाईट जागा दुसरी नाही. आमचा नियम साधा: लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर राहिलं, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली, की सगळं सोडायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पाऊल टाकायचं नाही. केबल सोडवली, टोक सेटपासून लांब नेऊन टाकलं, काठ्या आडव्या केल्या आणि वस्तीतल्या घराच्या पडवीत शिरलो. मग तो वळीव कोसळला. कौलांवरून पाण्याच्या दोऱ्या लागल्या, ओल्या मातीचा वास आणि चुलीचा धूर एकत्र झाला.

घरच्या आजींनी नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. आमचं काय चाललंय ते त्यांनी काकांकडून नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या, “पावसाळ्यात हितं धुक्यात समोरचं घर दिसत न्हाई. आजारी मानूस डोलीत घालून शिडीवरून खाली न्यावा लागतो. तुमच्या यंत्रानं डागदर वर येतो का?”

काका म्हणाले, “नाही आजी, डॉक्टर येत नाही. पण माणूस खाली पोचायच्या आधी त्याला काय झालंय ते खाली कळतं. गाडी तयार राहते.”

आजींनी यावर क्षणभर विचार केला. “मग ते बी लई झालं,” म्हणाल्या आणि काकांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

साडेआठ. पाऊस ओसरलेला, वारा पडलेला, डायपोल पुन्हा उभा. पण ४० मीटरवर पुणं आता विरत चाललं होतं आणि नऊनंतर पार नाहीसं झालं. त्याजागी आग्नेय आशियातली केंद्रं खणखणीत वाजू लागली. हे अपेक्षितच होतं. रात्री आयनांबर विरळ होतं, सरळ वर गेलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत न फिरता अवकाशात निघून जातात. तिरप्या गेलेल्याच परततात, त्याही खूप लांब. जवळच्या माणसाशी बोलायचं तर खाली, ८० मीटरला जावं लागतं. म्हणजे दुप्पट लांब तार. ती दिवसाच तयार करून गुंडाळून ठेवली होती. बॅटरीच्या उजेडात, चिखलात, ती ताणून बांधायला तासभर गेला. हे काम घरच्या गच्चीवर दहा मिनिटांचं आहे.

३.६ मेगाहर्ट्झवर पुणं होतं, पण गोंगाटात बुडालेलं. दूर कुठेतरी मराठवाड्यावर विजा चालूच असाव्यात. दर दोन-तीन सेकंदांनी कडाड करून कान भरून जात होता. त्यातच महाडचा रात्रीचा लिफाफा आला. चढावर दादा बसले होते, त्यांनी तो घेऊन तळावर दिला. मजकूर असा:

‘शाळेत ४२ माणसं आहेत जखमी नाहीत पाणी औषध पाहिजे.’ शब्दसंख्या नऊ.

पोरीने तो पुण्याला सांगितला, संथपणे, तुकडे पाडून. पुण्याने परत वाचून दाखवला: शाळेत, आकडा चार दोन, माणसं आहेत, जखमी, पाणी औषध पाहिजे. आणि मग, “आमच्याकडे शब्द आठ. तुमच्याकडे?”

कागदावर बोट ठेवून तिने मोजले. नऊ. एकाच कडाडात ‘नाहीत’ गेलं होतं. उरलेलं वाक्य मोडलेलं नव्हतं, उलट अगदी नीट वाचता येत होतं. फक्त बेचाळीस माणसं एका क्षणात जखमी झाली होती. शब्द मोजायची पद्धत नसती तर नियंत्रण कक्षाने तिकडे रुग्णवाहिका वळवल्या असत्या आणि दुसऱ्या कुठल्या तरी गावात त्या पोचल्या नसत्या.

“जखमीनंतरचा शब्द?” पुणं विचारत होतं. तिने सांगितला. कडाड. पुन्हा सांगितला, पुन्हा कडाड. पुण्याचा आवाज आता अर्धाच कळत होता. काकांनी हात पुढे केला, तिने जागा दिली. खिशातून त्यांनी मोर्सची चावी काढली, मांडीवरच्या लाकडी फळीवर स्क्रूने बसवली आणि सेटवरचा फिल्टर पाचशे हर्ट्झवर आणला. माणसाच्या आवाजाला अडीच हजार हर्ट्झ रुंद दार लागतं आणि त्यातून गोंगाटही तेवढाच आत येतो. मोर्स अरुंद फटीतून जातं. रोमन लिपीत, जखमी, नाहीत. दोनदा, सावकाश. डिट-डाचा तो एकसुरी स्वर कडकडाटाच्या खालून सरळ रेषेत चालला होता. पलीकडून उत्तर आलं: शब्द नऊ, मिळाला.

जहाजांवरचं मोर्स १९९९ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे संपलं, उपग्रहाची यंत्रणा आली. काका त्यावर कधी हळहळत नाहीत. ते फक्त आठवड्यातून दोनदा नव्या मुलांना शिकवतात.

झोप कोणालाच नव्हती. बोलणं किल्लारीवर गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाल्यावर हॅम मंडळी सेट घेऊन तिकडे गेली होती. मग भूज, २६ जानेवारी २००१. आणि मग पोर्ट ब्लेअर. हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी डिसेंबर २००४ मध्ये अंदमानात गेले होते, ते जगभरच्या हॅमना या दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क मिळावा म्हणून. कितीतरी वर्षांनी तिथून हॅम रेडिओला परवानगी मिळाली होती. २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमाराला जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली. आदल्या रात्रीपर्यंत संपर्क मोजणाऱ्या त्याच सेटवरून मग बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. पोरीने विचारलं, “त्यांना कसं सुचलं लगेच?” काका म्हणाले, “सुचलं नसेल. हात बसलेला होता.”

रविवार

सकाळी धुकं इतकं की अँटेनाची काठी दहा पावलांवरून दिसेना. लहरींना धुक्याचं काही नाही. आठला ४० मीटरवर पुणं पुन्हा जागेवर होतं.

आज मध्यवर्ती केंद्र पोरीकडे दिलं. हे काम बोलण्याचं कमी आणि थांबवण्याचं जास्त. कोण आलंय, कोणाकडे काय आहे, कोणाचं तातडीचं, कोणाला थांबायला सांगायचं. एका कागदावर नावांची उतरंड आणि समोर खुणा. सुरुवातीला दोन केंद्रं एकदमच बोलली आणि ती गोंधळेल असं वाटलं. तिने बटण दाबलं, म्हणाली, “दोघंही थांबा. तातडीचा निरोप कोणाकडे आहे? फक्त त्यांनी बोला.” कोल्हापूरचे एक अनुभवी गृहस्थ होते, तिच्या वडिलांच्या वयाचे. “जी, थांबतो,” म्हणाले आणि खरंच थांबले.

मी आणि दादा पुन्हा पश्चिमेला गेलो, कालच्या फुल्यांचा नकाशा पुरा करायला. धुकं फाटल्यावर टोकावरून कोकण उघडं पडलं: खाली एकात एक शिरलेल्या सोंडा, त्यांच्यापलीकडे कुठेतरी सावित्रीचं खोरं. महाडचे ते नवराबायको आज शहराच्या वेगवेगळ्या भागांत फिरत हाका घालत होते. नदीकाठच्या सखल गल्लीत जमिनीवरून काहीच नाही; त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून तुटक; यागी पूर्वेला नीट रोखली की स्वच्छ. प्रत्येक जागा, उंची, अँटेनाची दिशा आणि निकाल वहीत उतरवला. आमच्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई ही वही आहे. पुढच्या पावसाळ्यात कोणी गच्चीवर अडकलं तर कुठल्या बाजूला अँटेना धरायची हे महाडच्या जोडीला शोधत बसावं लागणार नाही.

वस्तीतला तरुण, तारेबद्दल विचारणारा, आज सकाळपासून आमच्याबरोबर होता. परवान्याशिवाय हवेवर बोलता येत नाही, ऐकायला मात्र बंदी नाही. हेडफोन लावून तो तासभर ऐकत बसला आणि निघताना परीक्षेची पुस्तकं कुठे मिळतील ते विचारून घेतलं. पठारावर बारमाही राहणारा एक परवानाधारक! याचा अर्थ किती मोठा आहे ते दादांनी त्याला शिडी उतरेपर्यंत समजावून सांगितलं.

बॅटरीचा हिशेबही लिहून ठेवतो, उपयोगी पडेल. ऐकताना सेट एका अँपिअरच्या आसपास खातो, पन्नास वॅटवर बोलताना दहा-बारा. शनिवारी ऊन होतं तोवर पॅनलने खर्च भरून काढला. वळवानंतर बॅटरी एकटी पडली, तरी रविवारी दुपारी तिच्यात निम्मी शक्ती होती. जुलैत ऊन मिळणार नाही. तेव्हा दुसरी बॅटरी वर न्यावी लागेल, आणि रात्री वीस वॅटच्या वर जायचं नाही असा नियम करावा लागेल.

दुपारी दोनला सगळं उतरवून खिंडीत आलो. पुण्याच्या ताईंनी मूळ निरोप आणि पोचलेले निरोप शेजारी ठेवून ताडून बघितले होते. बहुतेक अक्षरशः बरोबर होते. जे बिघडले त्यांत गावांच्या नावांचा वाटा मोठा. दमल्यावर माणसं अक्षरं सांगायचा कंटाळा करतात. एका निरोपावर वेळ घालायची राहिली होती. वेळ नसलेला निरोप आत्ताचा की कालचा हे कळत नाही, म्हणून तो त्यांनी न पोचलेल्यात धरला. आम्ही कोणी वाद घातला नाही.

ठरलं ते असं: पश्चिमेच्या चढावर रिलेसाठी कायम दोन माणसं आणि त्यांना पावसापासून आडोसा. ८० मीटरची तार पहिल्याच संध्याकाळी बांधून ठेवायची. मोर्स येणारी किमान दोन माणसं डोंगरावर आणि दोन पुण्यात. पुढचा सराव जुलैच्या दुसऱ्या शनिवारी, भर पावसात, याच जागी. यायचं असेल त्यांनी पुण्यातल्या नेहमीच्या नेटवर (हॅम मंडळींच्या हवेवरच्या ठरलेल्या बैठकीत) बुधवारी रात्री नावं नोंदवावीत. मेणकापड, दोर, आणि टोक केलेल्या पेन्सिली घेऊन या.